ते बटण मी दाबलं

क्लेटन
रविवार, १९ जुलै २०२०

चि. मयूरा,

पत्र हाताने लिहितोय, कारण माझे ईमेल तू ब्लॉक केलेस आणि फोन उचलत नाहीस. तक्रार नाही, फक्त नोंद. इचूकाचा पत्ता आईकडून घेतला. तिच्या वहीत पोस्टकोड ३५६४ होता. तो मी पोस्टाच्या साइटवर पडताळला. बरोबर आहे.

मेलबर्न नऊ तारखेपासून पुन्हा बंद झालंय. आमची कंपनी मात्र चालू आहे, कारण आम्ही हॉस्पिटलच्या ऑक्सिजन लाइनचे व्हॉल्व्ह बनवतो आणि ते सध्या कितीही केले तरी कमी पडतात. प्रत्येक खोक्यात इन्स्पेक्शनची चिठ्ठी जाते आणि त्या चिठ्ठीवर सही माझी असते, पी. जी. निगडे. दहावीनंतर भोसरीच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारायला लागलेला माणूस, ड्रॉइंग स्वतः वाचायला शिकला, इंग्रजी मशीनच्या मॅन्युअलमधून शिकला, आणि आज डिग्रीवाले इंजिनिअर त्याच्या सहीसाठी थांबतात. हे तुला पाठ आहे. तरी लिहिलं, कारण पुढच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे.

पुढचा मुद्दा. आई एज्ड केअरच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, शिफ्टवरून आली, जेवताना म्हणाली की तुला टास्मानियात बोटींच्या डिझाइनच्या कोर्सला अर्ज करायचाय. त्यांना जुन्या युनिव्हर्सिटीचं रेकॉर्ड लागतं, आणि त्यात २०१८ च्या दुसऱ्या सेमिस्टरला चार विषयांत नापास अशी नोंद आहे. ती नोंद काढायची तर ज्याच्यामुळे ती झाली त्याने शपथेवर तसं लिहून द्यायला हवं. मुदत २० नोव्हेंबर, शुक्रवार.

मला आठवतंय, तू हाच कागद दीड वर्षापूर्वीही मागितला होतास. विचार करतोय. माझी सही कशाखाली जाते याला किंमत आहे, एवढंच सध्या लिहितो. समजा आमच्या कंपनीत कुणी वाचलं तर?

तिथे थंडीत पाण्याच्या काठाला, बोटी दुरुस्तीच्या शेडमध्ये काम करतेस. कानाला काहीतरी बांधत जा.

बाबा


क्लेटन
रविवार, ६ सप्टेंबर २०२०

चि. मयूरा,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच, असं आईचं म्हणणं. तिने ते पत्र पाकिटात घालण्याआधी वाचलं होतं. "अहो, पाच ओळी पोस्टकोडवर आणि दहा ओळी स्वतःवर. पोरीने उत्तर कशाला द्यायचं, पोस्टकोडला?"

आज इथे फादर्स डे. मुद्दाम आजचा दिवस निवडलेला नाही, रविवार होता म्हणून बसलो. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं, व्यायाम एक तास, रात्री आठनंतर बाहेर नाही. आमचं पाच किलोमीटरचं वर्तुळ मी नकाशावर काढून फ्रिजला लावलंय. आई त्या वर्तुळाच्या आत किती भारतीय दुकानं येतात ते मोजते.

मी तुझ्या गावाचा अभ्यास केला. लायब्ररी बंद आहे, पण त्यांची पुस्तकं कॉम्प्युटरवर मिळतात. नदीवरचा धक्का १८६५ मध्ये बांधायला घेतला, रेड गमच्या लाकडाचा. नदी उन्हाळा-हिवाळ्यात इतकी वरखाली होते की माल उतरवायला एकावर एक तीन मजले करावे लागले. वरच्या प्रदेशातली लोकर वाफेच्या बोटींनी इथे यायची आणि इथून रेल्वेने मेलबर्नला जायची. मग रेल्वे सगळीकडे पोचली आणि बोटींचं काम संपलं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाची हद्द नदीच्या मधोमध नाही, ती आपल्या बाजूच्या काठावर आहे. म्हणजे पाणी सगळं त्यांचं. तू बोट पाण्यात सोडलीस की ती दुसऱ्या राज्यात गेली, आणि सध्या ती हद्द बंद आहे. यावर तुम्ही लोक काय करता हे मला विचारायचं होतं. विचारायला कुणी नाही म्हणून लिहितो.

आईने आत्ता मागून येऊन वाचलं आणि म्हणाली, "धक्का तिच्या दारात आहे, तिला धक्क्याची माहिती कशाला? मुद्द्याचं लिहा."

लिहितो. ऑगस्ट २०१८ मध्ये तू तिसऱ्या वर्षाला असताना युनिव्हर्सिटी सोडायचा अर्ज भरलास. आम्हाला न सांगता. तुझ्या पोर्टलला मोबाइल नंबर माझा होता, कारण पहिल्या वर्षाचे सगळे फॉर्म मी भरले होते. त्यामुळे अर्जाचा मेसेज माझ्या फोनवर आला. पुढे तो विड्रॉवलचा अर्ज रद्द झाला.

वरची ओळ मी पुन्हा वाचली. आपोआप झाल्यासारखी वाटते. आमच्याकडे असा रिपोर्ट कुणी दिला तर मी परत पाठवतो. म्हणून सरळ लिहितो. महिनाअखेरीला, कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत, मी तुझ्या नावाने आत शिरलो. कोड माझ्याच फोनवर आला. 'विड्रॉवल मागे घ्यायचं आहे का, नक्की?' असं विचारणारं बटण होतं. ते मी दाबलं. मग तुझ्या नावाने ऑफिसला ईमेल लिहिला की माझा विचार बदलला आहे. त्यात स्पेलिंगची एकही चूक नव्हती आणि त्याचा मला आनंद वाटला होता.

मला वाटलं, चार दिवसांत तुझं डोकं ताळ्यावर येईल, तोवर जागा तरी राहील. तुला सांगणार होतो. तू तेव्हा घरी जेवतसुद्धा नव्हतीस. तू सोडल्याचं समजून वर्गात गेली नाहीस, परीक्षेला बसली नाहीस, आणि नोव्हेंबरात चारही विषयांपुढे नापास लागलं.

हे पत्र तुला लिहिलंय. युनिव्हर्सिटीला लिहिणं वेगळी गोष्ट आहे. ते अजून ठरलेलं नाही.

बाबा


इचूका
शनिवार, १४ नोव्हेंबर २०२०, संध्याकाळ

मयूरा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या सकाळी तुझ्या शेडच्या दाराखाली सरकवीन. मोटेलपासून शेड चालत नऊ मिनिटांवर आहे.

सोमवारी रस्ते उघडले, तेव्हाच ठरवलं. आईला दिवाळीच्या दिवशी डबल शिफ्ट आहे, तिच्याकडचे म्हातारे टाकून ती येऊ शकत नाही. तिने चकल्यांचा डबा दिला आणि सांगितलं, "ती भेटली तर एकही गोष्ट शिकवायची नाही." मी हो म्हटलं. सहा वाजून दहा मिनिटांनी निघालो, दोनशे एकतीस किलोमीटर, वाटेत हीथकोटला एकदा थांबलो.

अकराची टूर घेतली. दहा माणसं, प्रत्येकाला जमिनीवर लाल ठिपका, सगळ्यांना मास्क. मी टोपीही घातली होती. तू तिथे काम करतेस हे माहीत होतं, टूर तूच देतेस हे माहीत नव्हतं. पिवळं जॅकेट, आखूड कापलेले केस. तू डावं पाऊल जरा बाहेर टाकतेस, तिसरीत पडली होतीस तेव्हापासून, त्यावरून मी ओळखलं.

तू छान सांगत होतीस. हे आधी लिहितो, कारण नंतर जे झालं त्यात ते राहून जाईल. धक्क्याची वर्षं, पुराच्या खुणा, बॉयलरमध्ये तासाला किती लाकूड जातं, सगळं मी मनात ताडून पाहत होतो. एक आकडा चुकला नाहीस. 'How ya going, folks' असं तू म्हणालीस तेव्हा माझ्या शेजारची बेंडिगोची बाई हसली आणि मला म्हणाली, लव्हली गर्ल. मी म्हटलं, येस, व्हेरी. 

मग तू आम्हाला खाली नेलंस, जिथे 'हॅरिएट' ही बोट जमिनीवर ठेवून दुरुस्त करताय. बाजूच्या फळ्या नव्या बसवलेल्या. मी जवळ गेलो. दोन फळ्यांच्या मध्ये फट होती, माझं नख आरामात आत गेलं. दीड मिलिमीटर. पुढेही तशीच, आणि त्याच्या पुढेही. आईला दिलेला शब्द मला आठवत होता. तरी मी म्हणालो की एक्स्क्यूज मी, हे रिजेक्ट आहे, ही बोट गळेल.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू टूरच्याच आवाजात सांगितलंस की हो, गळणारच आहे. रेड गम वाळलेलं असतं. पाण्यात गेलं की फुगतं. आत्ता फटी घट्ट भरल्या तर फुगायला जागा राहत नाही आणि फळी आतल्या फासळीवरून सुटून बाहेर येते. म्हणून फटींत दोर बेताने ठोकायचा, बोट पाण्यात सोडायची, पहिले काही दिवस पंप लावून बसायचं आणि धीर धरायचा. लोखंडात जन्म गेलेल्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही, असं मी म्हणू शकलो असतो. पण तेवढ्यात तू त्याच आवाजात, मान न वळवता, मराठीत म्हणालीस:

"आणि बाबा, तू लाल ठिपक्यावर उभा राहा."

बेंडिगोच्या बाईला वाटलं तू त्या फळीचं नाव सांगितलंस. तिने मान डोलावली.

मी ठिपक्यावर जाऊन उभा राहिलो.

नंतर बाकावर आपण किती वेळ बसलो ते मी पाहिलं नव्हतं, पण अकरा पन्नासला बसलो आणि बाराच्या टूरसाठी तू उठलीस. कधी ओळखलंस असं मी विचारलं, तर म्हणालीस, कारपार्कमध्येच, गाडीची चारही दारं ओढून बघणारा माणूस इथे दुसरा कोण येणार. आपण दोघंही हसलो, निदान मास्कवरून मला तसं वाटलं. मग तू विचारलंस.

"सही करणार आहेस का?"

मी म्हणालो, "आधी दिवाळीला घरी चल. मग बसून बोलू."

दोनशे एकतीस किलोमीटर येऊन मी हे बोललो. बोलताना कळत होतं. तू थोडा वेळ पलीकडच्या काठाकडे बघितलंस, डबा उचललास, म्हणालीस की हा आईचा आहे म्हणून घेते, आणि गेलीस.

माझ्याकडे कोरा फॉर्म आहे. बॅगेत, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. प्रिंट घरूनच काढून आणला होता. हे मी तुला बाकावर सांगितलं नाही, कारण फॉर्म आणला असं सांगितलं की सही करायचंच ठरतं. आता सांगितलं.

बाबा


इचूका
रविवार, १५ नोव्हेंबर २०२०, दुपार

मयूरा,

सकाळी कालचं पत्र सरकवायला शेडवर आलो तर दार उघडं होतं आणि तुझा सुतार मिस्त्री रॉस आत पंपाचा पाइप गुंडाळत होता. तू सांगितलं नव्हतंस की तो रविवारीही येतो. नदीपलीकडे, दुसऱ्या राज्यातल्या मोआमात राहतो, रोज पुलावर पोलिसांना परमिट दाखवतो, आणि म्हणतो की बासष्ट वर्षं याच पुलावरून येतोय, पहिल्यांदाच कुणी विचारलं कुठे चाललास. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला की काल तूच त्याला म्हणालीस, ज्याने हॅरिएटला रिजेक्ट केलं तो माझा बाप. त्याला ते फार आवडलं होतं. हसून हसून त्याने डोळे पुसले.

त्याने मला तू केलेलं काम दाखवलं. मागच्या बाजूच्या सात फळ्या तुझ्या एकटीच्या. मी हात फिरवला. त्याने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि "येह, I know" एवढंच म्हणाला. तो शाळासुद्धा पुरी न केलेला माणूस आहे. त्याच्या बापाकडून शिकला. मला त्याच्याशी बोलायला बरं वाटत होतं, भोसरीतल्या आमच्या जुन्या मिस्त्रींशी बोलल्यासारखं. अशा माणसाशी खोटं बोलवत नाही.

मग तो म्हणाला, पोरीचं मला पहिल्या दिवसापासून एक आवडलं. कामाला आली तेव्हा स्वतःहून सांगितलं, मी युनिमध्ये चार विषयांत नापास झालेय, हवं तर घ्या. कारण नाही, सबब नाही. इथे बहुतेक पोरं कुणाच्या तरी नावाने खडे फोडतात.

मयूरा, मला माहीत नव्हतं.

मी दोन वर्षं असं धरून चाललो होतो की तू सगळ्यांना सांगितलं असशील. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असेल की मयूराच्या बापाने काय केलं. त्या विचाराने मी तुझ्यावर चिडायचो. माझं नाव तिने गावभर केलं असं आईला म्हणायचो. आणि तू ते चार विषय स्वतःच्या अंगावर घेऊन नोकरी मागायला गेलीस. माझं नाव काढलं नाहीस.

त्याच काळात मी काय केलं तेही लिहायला हवं. पुण्याच्या शैलेंद्रकाकाने विचारलं, मयूराचं इंजिनिअरिंग कुठवर आलं? मी म्हणालो, नापास झाली, झेपलं नाही. माझा सख्खा भाऊ. त्याला डिग्री आहे आणि मला नाही, आणि मी आयुष्यभर त्याला दाखवत आलो की डिग्रीवाचून काही अडत नाही. पण तुझ्या बाबतीत अडलं. तू सुताराच्या हाताखाली चाललीस हे त्याला सांगायची मला लाज वाटली, तू नापास झालीस हे सांगायची वाटली नाही. तू घर सोडलंस त्या दिवशी मी जे म्हणालो, की हातात पटाशी धरायला तुला ऑस्ट्रेलियाला आणलं नाही, तेही मी माझ्याच हातांकडे बघून म्हणालो होतो. तुझ्या आईच्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं. तिने मला ते काल निघताना सांगितलं.

 रॉसला आधी विचारलं, चहा आहे का. त्याने किटली लावली. मग मी सांगितलं.

"She didn't fail, Ross. मी केलं ते. I did it, in her name."

मधलं मराठी त्याला कळलं नसेल, पण बाकी कळलं. तो पाइप गुंडाळायचा थांबला. मग पुन्हा गुंडाळायला लागला. पाइप पुरा गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "That's a bugger of a thing, mate." आणि माझ्यासमोर चहा ठेवला. दूध जास्त होतं. प्यायलो.

आता मोटेलमध्ये फॉर्म समोर घेऊन बसलोय. तीन मसुदे झाले. पहिल्यात दीड पान माझ्या संघर्षाचं होतं. दुसऱ्यात तुझ्या त्या वेळच्या वागण्याचं. तिसऱ्यात 'वडिलांच्या काळजीपोटी' हे शब्द तीनदा आले. तिन्ही फाडले. केलं ते खरंच काळजीपोटी होतं, पण नुसतं काळजीपोटी नव्हतं, आणि शपथेवर अर्धं लिहिता येत नाही.

चौथा सात ओळींचा आहे.

बाबा


क्लेटन
मंगळवार, १७ नोव्हेंबर २०२०

मयूरा,

कालचं बरंचसं तुझ्यासमोरच झालं, त्यामुळे नव्याने सांगण्यासारखं फारसं नाही. पण तू फार्मसीच्या दारात येण्याआधीचं तुला माहीत नाही आणि नंतर मी जे बोललो नाही तेही माहीत नाही.

तुझ्या आधी मी तिथे एकदा जाऊन आलो होतो, कारण इथे शपथपत्राला फार्मासिस्ट साक्षीदार चालतो. नऊ वाजता, दुकान उघडताच. फॉर्म नीट भरलेला, खाली सही केलेली, तारीख घातलेली, फोल्डरमध्ये. काउंटरवरची फार्मासिस्ट लीना इंदूरची निघाली. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "अंकल, साइन तो मेरे सामने करना पड़ेगा. यह तो आप करके ले आए." मी, ज्याने तीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं की साक्षीदाराशिवाय सही म्हणजे नुसती शाई, तोच मोटेलवर सही उरकून गेलो होतो. मला वाटतं घाई झाली होती, नंतर धीर राहणार नाही अशी भीती असावी. तिने नवा फॉर्म दिला. मी तिथेच उभ्याने सात ओळी पुन्हा उतरवल्या. मागे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेले दोन म्हातारे, आपापल्या ठिपक्यांवर. लीनाने मला शपथ मोठ्याने म्हणायला सांगितली. मी म्हटली. त्या म्हाताऱ्यांनीही ऐकली. कंपनीत कुणी वाचलं तर काय, असं मी तुला जुलैमध्ये लिहिलं होतं. अनोळखी माणसांनी ऐकलं तर काही होत नाही. मी बाहेर आलो, रस्त्यावर गाड्या जात-येत होत्या.

तिथून शेडवर आलो आणि तुला कागद दिला. तू तो हॅरिएटच्या सावलीत उभी राहून वाचलास. मी तुझ्याकडे बघत होतो, कानावर खोचलेल्या पेन्सिलीकडे. तू दोनदा वाचलास. मला वाटलं आता तू काहीतरी म्हणशील, आणि तू म्हणालीस:

"तारीख चुकलीय."

मी म्हणालो, शक्य नाही. तू फोनमध्ये युनिव्हर्सिटीने दिलेला लॉग दाखवलास. गुरुवार ३० ऑगस्ट, बारा वाजून बेचाळीस. मी ३१ लिहिलं होतं, कारण ती सोडायची शेवटची तारीख होती आणि दोन वर्षं माझ्या डोक्यात तीच बसली होती. माझ्या मनात मी शेवटच्या दिवशी, नाइलाजाने ते केलं होतं. प्रत्यक्षात एक दिवस हातात होता. त्या एका दिवसात मी तुला फोन करू शकलो असतो, क्लेटनच्या कॅम्पसवर चालत येऊ शकलो असतो. मी लॉगकडे बघत राहिलो.  

मग तू म्हणालीस, चल, दुरुस्ती पण तिच्यासमोरच करावी लागेल. आणि गाडीत बसलीस. शेडपासून फार्मसी जेमतेम चार मिनिटं. तेवढ्यात मी एकदाही तुझा सीटबेल्ट पाहिला नाही, हे खोटं आहे, एकदा पाहिला. लीनाने ३१ वर रेघ मारायला लावली, वर ३० लिहून घेतलं, बाजूला माझी सही, तिची सही. तुला म्हणाली, "बेटी हो? अंकल बहुत नर्वस थे." तू म्हणालीस, "होना भी चाहिए था." ती हसली. तिला वाटलं असेल घरातली थट्टा आहे. तशीही होती थोडी.

कारपार्कमध्ये बॉनेटवर कागद ठेवून तू फोटो काढलेस, नोंद तपासणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या पॅनेलच्या पत्त्यावर पाठवलेस, मला पाठवल्याची पावती दाखवलीस. मग माझ्याकडे बघून म्हणालीस:

"मी अजून रागावलेय. हे दिलंस म्हणून ते गेलं, असं नाहीये, बाबा."

मी म्हणालो, "हो."

तू थांबलीस. मी पुढे काही बोलेन याची तू वाट बघत होतीस, आणि मीही. मग तू शेडकडे चालत गेलीस आणि मी गाडी काढली.

घरी आल्यावर आईने विचारलं काय झालं, मी सगळं सांगितलं, तारखेसकट. तिने मला जेवायला वाढलं. मग मी शैलेंद्रकाकाला फोन लावला. त्यांच्याकडे तेव्हा भाऊबीजेचं दुपारचं जेवण चाललं होतं, सगळे एकत्र. मी म्हणालो, स्पीकरवर टाक. मग सांगितलं की मयूरा नापास झाली नव्हती, ते मी केलं होतं, आणि मी त्याला खोटं सांगितलं होतं. तिकडून ताटांचा आवाज आला. मग काकाने विचारलं, ती आता काय करते? मी सांगितलं. सात फळ्या, रेड गमच्या, एकटीने. त्याला त्यातलं काही कळलं नाही. मी समजावून सांगत बसलो नाही.

पॅनेलचं काय होईल ते त्यांच्या हातात आहे. त्यांनी मला फोन केला किंवा बोलावलं तर मी जाईन आणि तेच सात वाक्यांत सांगेन.

आता जे बोललो नाही ते. इचूकाहून निघाल्यावर हीथकोटपर्यंत मी तुझ्या 'अजून रागावलेय'ला उत्तरं तयार करत होतो. पहिलं बरंच चांगलं होतं. हीथकोटला थांबून कागदावर उतरवून काढलं, एकंदर अकरा मुद्दे झाले. त्यात तुझ्या लहानपणीच्या गोष्टी होत्या, माझ्या भोसरीच्या होत्या, तू कुठे चुकलीस तेही एका ठिकाणी होतं, आणि शेवटी तू पुन्हा घरी यावंस असं होतं. तो कागद माझ्यासमोर आहे.

त्यातलं इथे काहीही लिहीत नाही.

बाबा